जास्तीचं शिखर

सन २०४७. हिंगोलीच्या एका कॉलेजात प्रा. हेमांगी उखळकर टी.वाय.च्या वर्गाला केंद्रकीय चुंबकीय संस्पंदन शिकवत होत्या. एवढं लांबलचक नाव कोण घेतो, सगळे एनएमआरच म्हणतात. चुंबकात ठेवलेल्या रेणूतला प्रत्येक हायड्रोजन आपापल्या जागेप्रमाणे उत्तर देतो आणि वर्णपटावर त्याचं शिखर उमटतं, इतकी साधी गोष्ट. नमुना म्हणून बाईंनी नवऱ्याची रक्तदाबाची गोळी आणली होती. अनंतरावांची किडनी वर्षभर बिघडत चालली होती आणि डॉक्टरांना कारण सापडत नव्हतं. गोळ्यांवर कुणाचा संशय नव्हता. आताही यंत्राला जोडलेल्या वर्णपटवाचकानं, म्हणजे वर्णपट वाचायला शिकवलेल्या कृत्रिम बुद्धीनं, निकाल दिला, शुद्ध.

"मॅडम, एक शिखर जास्तीचं आहे," रेश्मा मुजावर म्हणाली.

"पाणी असेल. जर्नलमध्ये घेऊ नकोस, बाहेरचे परीक्षक उगाच खोदत बसतात."

बाई हे तीस वर्षं सांगत आल्या होत्या. त्यांच्या सरांनीही त्यांना हेच सांगितलं होतं.

रेश्मा मात्र भारी चिवट. तिनं नमुन्याच्या नळीत जड पाण्याचे दोन थेंब टाकून ती हलवली. शिखर पाण्याचं असतं तर त्या जागेवरून गेलं असतं. ते तसूभरही हललं नाही.

म्हणजे गोळीत औषधाखेरीज भलतंच काहीतरी होतं. वर्णपटवाचक घडवणाऱ्या विश्वंभर कांदेला, आपल्या जुन्या विद्यार्थ्याला, त्यांनी फोन लावला.

"यंत्राला ते दिसतं, मॅडम," तो चाचरत म्हणाला. "पण सोडून देतं. आम्ही त्याला कॉलेजांच्या तपासलेल्या जर्नलांवर शिकवलंय. वर्णपटात शिखर आहे, जर्नलात नाही आणि खाली तुम्हा प्राध्यापकांची लाल सही. असं त्यानं लाखभर वेळा पाहिलं."

"आणि औषधं कोण पास करतं?"

"तीन वर्षं झाली, तेच करतं. माणसं फक्त निकालावर सही करतात. आपल्याच हातून झालंय हो हे."

बाईंनी घरी फोन केला. "अहो, आजची गोळी घेऊ नका."

"घेतली की मघाशीच," अनंतराव म्हणाले. "वर्षभरात एकही चुकवली नाही बघ मी."