गुलाबजामुनानं फोडलेली दाढ

धाराशिवात गुलाबजामुनानं कुणाची दाढ फुटल्याचं ऐकिवात नव्हतं. तेर गावच्या बब्रुवानकाकांची फुटली, तीही व्याह्यांच्या पंगतीत.

भरलेल्या दाढा फुटून परत आलेल्यांत काका चौथे. दातांचा डॉक्टर कृष्णराज, त्यानं भरल्या वेटिंग हॉलमध्ये मदतनीस जगदेवीवर आळ घेतला: ही दाढेत भरायचा चांगला मसाला बाहेर विकते, नळीत हलका भरते. तिला घरी धाडलं. पुराव्यासाठी गुप्तहेर शिवरंजनीबाईंना बोलावलं.

बाई दीर वीरप्पासह आल्या. काकांना आणि जगदेवीलाही त्यांनीच बोलावून घेतलं होतं.

"म्या चावलोबी न्हाय," काका म्हणाले, "तवर तुकडा ताटात!"

"त्याआधी काही झालं होतं?"

"आदल्या दिशी फुटाणे खाताना कट्‌ वाजलं व्हतं."

"वैनी, मला काकांचाच संशय येतोय," वीरप्पा कुजबुजला.

"भावजी, दाढ त्यांचीच फुटलीय."

जगदेवी खाली बघत बोलली. "रविवारी दुसऱ्या डॉक्टर हर्षाली मॅडम येत्यात, त्याबी याच नळ्या वापरत्यात. त्यांचा पेशंट परत आला न्हाय. नळ्या पुरत्यात. बाँडची बाटली तेवढी लई लवकर संपती."

बाँड म्हणजे मसाल्याआधी दाढेत लावायचा पातळ चिकट द्रव. बाईंनी मान डोलावली आणि काकांना व जगदेवीला बाहेर बसवलं.

"डॉक्टर, प्लास्टरच्या दाढेत भरून दाखवा."

कृष्णराज खुलला. मसाला अवजाराला चिकटला, त्यानं अवजार बाँडमध्ये बुडवलं. दाबलं, परत बुडवलं. दाढ आरशासारखी चमकली.

"काय गुळगुळीत!" वीरप्पा म्हणाला. "पण चोर?"

"चोर नाहीच. नळी तीच असून हर्षाली मॅडमचं काम टिकतं. म्हणजे खोट नळीत नाही, भरणाऱ्या हातात आहे. स्लॅबला खडी लागते, तसे या मसाल्यात काचेचे बारीक कण राळेत ठासलेले असतात. ताकद त्यांची. बाँड म्हणजे जवळजवळ नुसती राळ. डॉक्टर थराथराला ती चोपडतात, कण विरळ होतात. भरण सुरेख दिसतं आणि तडकतं. बाटली लवकर संपते, ती अशी."

"आणि गुलाबजामुन?"

"तडा फुटाण्यांनी गेला होता. गुलाबजामुन बिचारा नुसता हजर होता."

कृष्णराजच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. हे कॉलेजात शिकवलं होतं. परीक्षेत त्यानं ते लिहिलंही होतं, अक्षर चांगलं काढून. जगदेवी त्या दिवशी भरल्या हॉलमधून चपला घालून निघाली होती, ते त्याला आठवलं.

"मी तिला फोन करतो," तो पुटपुटला.

"ती दाराबाहेर बाकावर बसलीय, डॉक्टर. आळ घेतलात तेव्हा फोन केला होता का?"

त्यानं दार उघडलं. हॉलमधल्या सगळ्यांनी मोबाईल खाली घेतले. जगदेवी उठून उभी राहिली. आपला नंबर आला समजून बब्रुवानकाकांनी आ वासला.

"काका, तोंड मिटा," कृष्णराज म्हणाला आणि जगदेवीकडे वळला. "आज मला उघडायचंय."