कोपऱ्यातल्या संगणकाची नक्कल

ही गोष्ट आमच्या सख्ख्या आत्याची. पटली तर घ्या, नाही तर सोडून द्या. पण नवऱ्याने नुसतं "अंग तापलंय" म्हटलं तरी जी बाई आधी थर्मामीटर लावून खात्री करते, ती भुताच्या बाबतीत थापा मारेल असं मला वाटत नाही.

आणि हो, रात्रबित्र नव्हती. भर सकाळ. शाळेची संगणक खोली. खिडकीतून लख्ख ऊन.

आत्या माध्यमिक शाळेत संगणक शिकवते. तेव्हा नोकरी हंगामी होती. मुख्याध्यापक गोड हसून म्हणायचे, "बाई, यंदाची प्रात्यक्षिक परीक्षा नीट पार पडू द्या. कायम झालातच समजा."

त्या 'समजा'वर आत्याने बरीच वर्षं काढली होती.

परीक्षेच्या आदल्या दिवशी निम्मे संगणक रुसून बसले. ठणठणीत होता फक्त कोपऱ्यातला. त्यावर कोणी बसतच नसे, मग बिघडणार कशाने? आत्याने ठरवलं, त्याचीच हुबेहूब नक्कल बाकी सगळ्यांवर उतरवायची. संगणकाच्या मास्तरांचा हा नेहमीचा तोडगा. सगळे एकसारखे, कटकट मिटली.

शिपाईकाका दारातच थबकले.

"बाई, त्याची नक्कल नका करू."

"का? व्हायरस आहे त्यात?"

"तिथे एक मुलगी बसायची. एका बोटानं टाइप करायची. पोरं फिदीफिदी हसायची. प्रात्यक्षिकाच्या आधीच आजारपणात गेली बिचारी."

"तिच्या फायली असतील तर पुसून टाकते. झालं समाधान?"

"फायलींचं नाही हो म्हणत मी..."

आत्याने काम उरकलं.

दुसऱ्या दिवशी बाहेरचे परीक्षक आले आणि मोबाइलमध्ये डोकं घालून बसले. आत्याची एक पद्धत होती. सूचना सांगताना ती आपल्या जागेवरून सगळ्यांचे कीबोर्ड बंद करून ठेवायची. म्हणजे पोरांची चुळबुळ नको.

"हात मांडीवर. नीट ऐका."

टक्.

"कोण आहे रे ते?"

टक्... टक्...

हात सगळ्यांचे मांडीवरच होते.

आत्याने स्वतःच्या स्क्रीनकडे पाहिलं. तिथे सगळ्या मुलांच्या स्क्रीन छोट्या चौकटींत दिसतात. प्रत्येक चौकटीत एक अक्षर उमटलं... एकाच क्षणी... एकच अक्षर. चुकलं. पुसलं गेलं. पुन्हा उमटलं.

कीबोर्ड अजून बंदच होते.

आणि मुलं? समोर बघत होती. एकाचीही पापणी लवत नव्हती.

आत्याचा हात भिंतीवरच्या मुख्य बटणाकडे गेला. वीज बंद केली की परीक्षा रद्द. परीक्षा रद्द, की नोकरीवर पाणी.

तोवर प्रत्येक चौकटीत अख्खं उत्तर उभं राहिलं होतं. तेवढ्यात परीक्षक उठले. रांगांमधून एक फेरी मारली. स्क्रीन तेवढ्या पाहिल्या. हातांकडे कोण बघतो?

"वा बाई, तयारी पक्की दिसते!"

आत्याने हात मागे घेतला.

पेपर संपल्यावर तिने दबक्या आवाजात विचारलं, "खरं सांगा, कोणी सोडवला?"

"काय बाई, आम्हीच की!" पोरं खिदळत पळाली.

सगळे पास झाले. आत्या कायम झाली.

तिने सगळे संगणक कोरे केले. पुढे शाळेने नवेही आणले. पण वर्ग सुटला, खोली रिकामी झाली, की अजूनही...

टक्... टक्...

परवा मी म्हटलं, "आत्या, सोड ना ती शाळा. दुसरीकडे कुठेही मिळेल तुला."

"अरे, अशी कशी सोडू? आत्ता कुठे दुसरं बोट टेकवायला लागलीये ती."

मला वाटलं, चेष्टा करतेय. मी हसलो.

आत्या हसली नाही.