दक्षिणेच्या कुंपणाशी डीकन

मे महिन्यातलं बर्फाचं वादळ माँटानात कुणाला नवं नाही. दोन दिवस घोंगावून ते पहाटे थांबलं आणि दुपारी एल्झा रीमर हुल्डा ब्रेकीच्या रँचवर पोचली. एल्झा पूर्वी जनावरांच्या बाजारात चोरीची गुरं ओळखायची. आता खासगी तपास करायची. गाडी चालवायला तिच्या थोरल्या बहिणीचा नवरा नॉर्बर्ट होता. माणूस भला, पण डोक्याला ताण द्यायची फारशी सवय नव्हती.

"चोर शोधायला बोलावलं नाही तुला," हुल्डा म्हणाली. "माझा वळू मेलाय. आमच्या व्हर्जिल गड्यानं फाटक उघडं टाकलं, आणि वर म्हणतो, साखळी लावली होती. अंधार पडायच्या आत घर खाली कर म्हणून सांगितलंय त्याला. पण नवरा वारायच्या आधी म्हणाला होता, व्हर्जिलवर विश्वास ठेव. एकदा खात्री करून दे, मग जाऊ दे त्याला."

डीकन साधा वळू नव्हता. तो बीफॅलो होता, म्हणजे अंगात दहा आणे गाय-बैलाचं आणि सहा आणे बायसन या रानबैलाचं रक्त. असल्या संकरातले पहिले नर वांझच निघतात. हुल्डाच्या नवऱ्यानं उमेदीची सारी वर्षं खर्चून हा एक फळणारा नर उभा केला होता.

"त्याची वासरं जन्मताना एवढीशी असतात," हुल्डा म्हणाली. "कालवड विताना अडत नाही. नंतर मात्र झपाट्यानं वाढतात."

डीकन दक्षिणेच्या कुंपणाशी बर्फात पडला होता. एल्झानं वरचा भुरभुरीत बर्फ झटकून त्याच्या कपाळावरची दाट लोकर बोटांनी चाचपली. ती कोरडी होती. एका शिंगाचं टोक सोललेलं होतं आणि भेगेत पांढरा चुना बसला होता.

"यात विचारायचं काय?" नॉर्बर्ट म्हणाला. "वादळ उत्तरेचं. गुरं वाऱ्याला पाठ देऊन चालत सुटतात, कुंपणाला अडतात आणि बर्फात गुदमरतात. शाळेतलं पोरगंही सांगेल."

"सगळे हेच सांगतील, भावजी. बाकीचा कळप कुठे आहे?"

उत्तर व्हर्जिलनं दिलं. तो कुंपणालगतच्या आपल्या घराच्या पायरीवर मान खाली घालून बसला होता; आत बायको भांडी कागदात गुंडाळत होती.

"उत्तरेच्या टेकाडावर, बाई. सगळी जिवंत. मी आधी दक्षिणेलाच धावलो, कुणीही तेच केलं असतं. इथे डीकन सापडला. बाकीची वर कशी राहिली, देव जाणे. एरवी वादळात त्यांना खालच्या खोऱ्यात आणतो. या खेपेला वेळच मिळाला नाही."

"डीकनला शेवटचं कधी पाहिलंस?"

"वादळाच्या आदल्या दुपारी. साखळी मी लावली होती. पण आता माझं कोण ऐकणार?"

एल्झा टेकाडावर चढली. नॉर्बर्ट धापा टाकत मागे. काळपट, केसाळ जनावरं अजून उत्तरेकडे तोंड करून उभी होती. कपाळांवर बर्फाची जाड पुटं चढली होती. पाठीमागून मात्र ती कोरडी होती.

"वेडीच दिसतात," नॉर्बर्ट म्हणाला.

हुल्डाचा दीर नील्स गावात राहायचा; वळूचं कळल्यावर तो रँचवर आला होता. हे खूळ विकून टाक, असा त्याचा वहिनीमागे सारखा लकडा होता, म्हणून एल्झानं आधी त्यालाच विचारलं.

"वळू गेला हे बरंच झालं, तोंडावर सांगतो," तो म्हणाला. "पण रस्ता आज सकाळी मोकळा झाला. वादळाआधीपासून मी गावात खानावळीत अडकलो होतो, सगळ्या गावानं पाहिलंय."

शेजारी ऑरिन स्टॅडलर आपल्या गोठ्याच्या आत, चुन्यानं रंगवलेल्या भिंतीपाशी, एका खणाला नव्या फळ्या ठोकत होता.

"वाऱ्यानं तोडलं हो," तो म्हणाला. छप्पर जागच्या जागी होतं. "हुल्डाचं ते केसाळ भूत मेलं म्हणे? मी तिच्या नवऱ्याला कायम सांगायचो, धड गाय नाही, धड बायसन नाही. गुरांच्या लिलावात आम्ही सगळे हसायचो त्याला."

"तुमच्या कालवडींचं कसं काय यंदा?"

ऑरिनचा हातोडा थांबला. "वाईट. वासरं मोठी होती. आडवी आली. दोन कालवडी वासरांसकट गेल्या."

संध्याकाळी एल्झाच्या बोलावण्यावरून हुल्डाच्या स्वयंपाकघरात सगळे जमले, ऑरिनसुद्धा. कॉफी झाली, पण व्हर्जिल ती घ्यायला तयार नव्हता.

"डीकन वादळात मेलाच नाही," एल्झा म्हणाली. "वादळात उभ्या असलेल्या प्रत्येक जनावराच्या कपाळावर बर्फाची पुटं गोठली आहेत. याचं कपाळ कोरडं. म्हणजे वादळभर तो छपराखाली होता."

"पण मग कुंपणाशी कसा आला?" नॉर्बर्ट म्हणाला.

"कुणीतरी आणून टाकला, भावजी. वादळाच्या शेवटी, थोडा बर्फ पडत होता तोवरच, म्हणून ट्रॅक्टरच्या खुणा बुजल्या. आणि टाकला कुठे? जिथे साधी गुरं मरतात तिथे. पण बायसन वाऱ्याला पाठ देत नाही. तो वादळात तोंड घालतो. रक्त तेच सांगतं, म्हणून फाटक उघडं असूनही सगळा कळप वर राहिला. डीकन जिवंत असता तर तोही वरच असता. ज्यानं आयुष्यभर साधी गुरं राखली आणि जो यांना फक्त हसला, त्याच्याच हातून ही चूक होईल."

ऑरिन खिडकीबाहेर बघत होता.

"शिंगातला चुना तुमच्या भिंतीचा, ऑरिनराव. छप्पर जागेवर असताना वारा आतला खण तोडत नाही. डीकननं तोडला. साधा वळू वादळात बंद गोठ्यात खुशीत राहतो. याला कोंडलंत तेव्हा तो भिंतींवर धडका देत मेला. आणि तुम्ही त्याला नेलंत, कारण तुमच्या कालवडींना त्याची लहान वासरं हवी होती."

ऑरिननं टोपी काढून टेबलावर ठेवली.

"एका रात्रीपुरता नेला होता," ऑरिन म्हणाला. "सकाळी परत आणून सोडणार होतो. तेवढ्यात वादळ आलं."

"मागितला असतास तर मी स्वतः कासरा धरून आणला असता," हुल्डा म्हणाली. "आणि तू फाटक उघडं टाकून या माणसाच्या डोक्यावर खापर फोडलंस." ती व्हर्जिलकडे वळली. "माझंही चुकलं. तुझं ऐकून घ्यायला हवं होतं मी. तू राहा. आता शेरीफला बोलवू की नको, ते तूच सांग."

व्हर्जिलनं कॉफीचा कप जवळ ओढला.

"शेरीफ कशाला, बाई? डीकन काही परत येत नाही. स्टॅडलरसाहेबांनी शनिवारी लिलावात सगळ्यांसमोर उभं राहून एवढंच सांगावं, की मला बीफॅलोची वासरं हवी होती, म्हणून मी वळू चोरला."

ऑरिननं टोपी उचलली, पुन्हा टेबलावर ठेवली.

"त्यापेक्षा शेरीफलाच बोलवा," तो म्हणाला.