पांढऱ्या पेट्यांची कवायत

माश्या मेल्या नव्हत्या. पळूनही गेल्या नव्हत्या. तरीही उंबरकोंडच्या वरच्या माळावर मांडलेल्या मधपेट्यांपैकी मधल्या पेट्या दिवसेंदिवस रित्या होत चालल्या होत्या, आणि टोकाच्या पेट्या अशा गच्च भरल्या होत्या की माश्यांना दारात उभं राहायला जागा उरली नव्हती.

हे कोडं पहिल्यांदा सांगितलं ते मापारीने. मापारी हा मधपाळ संस्थेने दिलेला यंत्रमानव. उंचीने शलाकाच्या गुडघ्याएवढा, सहा पायांचा, आणि डोक्यावर एकच गोल डोळा. प्रत्येक पेटीच्या दारातून किती माश्या गेल्या, किती आल्या, हे मोजायचं त्याचं काम. पूर्वी बाजारात धान्य मोजून देणाऱ्याला मापारी म्हणत, म्हणून आईने त्याचं नाव तेच ठेवलं होतं.

"एकूण माश्या जवळजवळ तेवढ्याच आहेत, शलाकाताई," तो म्हणाला. "फक्त जिथे असायला हव्यात तिथे नाहीत."

शलाका तेव्हा सहावीत होती. हे ऐकून तिने मापारीला पुन्हा मोजायला लावलं. कारण ती पेट्यांची रांग तिने लावली होती.

त्याचं असं झालं होतं. शलाकाच्या आईकडे, नंदाकडे, आधी चारच पेट्या होत्या. एक फणसाखाली, एक गोठ्याच्या भिंतीला टेकून, एक कपडे धुवायच्या दगडामागे आणि एक चक्क जुन्या झोपाळ्याच्या खांबाशी. घरात जो रंग उरला असेल तो त्यांना फासलेला. कुणी निळी, कुणी पिवळी, एक तर अर्धीच रंगवलेली. त्यांत सातेरी माश्या राहायच्या. सातेरी म्हणजे आपल्या डोंगरातली, पेटीत सुखाने नांदणारी मधमाशी. आईचा मध नातेवाइकांत वाटण्यातच संपायचा, आणि शेजारची सुमनकाकी म्हणायची, "नंदाचा छंद बरा आहे, चावणारा."

पण आईला तो छंद राहू द्यायचा नव्हता. शलाकाच्या धाकट्या भावाच्या, निनादच्या वेळी पोट सांभाळत तिने संस्थेचा सगळा अभ्यासक्रम पुरा केला, आणि संस्थेने तिला वसाहतींसकट छत्तीस पेट्या दिल्या. वसाहत म्हणजे एका राणीमाशीचं सगळं कुटुंब. अट एकच होती: शिमग्याच्या सुमारास, जांभूळ फुलायच्या आत, संस्थेच्या शेलारबाई येऊन बघणार. प्रत्येक वसाहत धडधाकट असली तर पेट्या आईच्या. नसल्या तर सगळ्या परत जाणार, आणि आईचा मध पुन्हा नातेवाइकांत वाटला जाणार.

पेट्या आल्या त्या दिवशी शलाकाने पुढाकार घेतला. शाळेच्या कवायतीत ती पथकाची नायक होती आणि वाकडी रांग तिला बघवत नसे. तिने माळावर सुतळी ताणली. सगळ्या पेट्यांना पांढराशुभ्र रंग दिला. तीन ओळी, दोन पेट्यांत एका हाताचं अंतर, सगळी दारं पूर्वेला. वर प्रत्येक पेटीवर लाल रंगाने ठसठशीत आकडा. रस्त्यावरून जाणारे लोक थांबून बघायचे. "आता दिसतोय धंदा," असं सुमनकाकीसुद्धा म्हणाली होती, आणि शलाका दोन दिवस हवेत होती.

आता त्याच ओळींच्या मधोमध पेट्या ओस पडत होत्या.

आईने कारणं एकेक करून तपासली. रोग म्हणावा, तर पेट्यांसमोर मेलेल्या माश्या नव्हत्या. राणी मेली म्हणावं, तर प्रत्येक पेटीत राणी होती आणि अंडीही घालत होती. मेणकिडा (पोळं पोखरणारी अळी) कुठेच नव्हता. फुलं कमी पडली असतील का, असं शलाकाने विचारलं. मापारीने माळाभोवतीची झाडं मोजून ठेवली होती. फुलं पुरेशी होती, आणि कमी असती तर टोकाच्या पेट्याही उपाशी दिसल्या असत्या.

"घरच्या चार पेट्या कशा आहेत?" आईने विचारलं.

"उत्तम," मापारी म्हणाला. "काही फरक नाही."

निनादला खांद्यावर थोपटत आई माळाकडे बघत राहिली. एवढंच म्हणाली, की चार होत्या तेव्हा मी प्रत्येकीला ओळखत होते, आता नुसते आकडे वाचते. शलाकाला ते लागलं. आकडे तिनेच तर काढले होते.

कोड्याची गाठ सुटली ती भलत्याच ठिकाणी, ओटीवर.

संस्थेला फोटो पाठवायचा होता. आई, सुमनकाकी आणि मदतीला येणाऱ्या आणखी दोघीजणी संस्थेने दिलेला पोशाख घालून उभ्या राहिल्या. पायापासून मानेपर्यंत पांढरा डगला, तोंडावर जाळी. सवयीप्रमाणे शलाकाने त्यांनाही रांगेत लावलं. एका हाताचं अंतर, माना सरळ. मग फोटो काढायला हात मोकळे हवेत म्हणून कडेवरच्या निनादला तिने ओटीच्या एका टोकाला खाली सोडलं.

निनाद तेव्हा नुकताच रांगायला लागला होता. त्याने चार पांढऱ्या आकृत्यांकडे पाहिलं, 'आई इथेच कुठेतरी आहे' हे त्याला ठाऊक होतं, आणि तो भराभर रांगत गेला तो टोकाला उभ्या असलेल्या पहिल्याच पायांना जाऊन बिलगला. ते पाय सुमनकाकीचे होते.

"चला, मुलगा माझा झाला," काकी म्हणाली. "नंदा, आता तू पेट्याच सांभाळ."

निनादने वर पाहिलं. जाळी. त्याचा ओठ दुमडायला लागला. तेवढ्यात तिसऱ्या जागेवरून बांगड्या वाजल्या, आई नेहमी त्याला वाजवून दाखवायची तशा, आणि तो गर्रकन वळून सरळ तिच्याकडे गेला.

सगळ्या हसल्या. शलाका मात्र हातातला फोन तसाच धरून उभी राहिली.

"मापारी," तिने विचारलं, "तू पेटी कशी ओळखतोस?"

"वरचा आकडा वाचून."

"आणि माशी?"

मापारीचा डोळा किंचित फिरला. "माशीला आकडे येत नाहीत," तो म्हणाला. "मला मोजता येतं, शलाकाताई. हा प्रश्न मला सुचला नव्हता."

मग त्याने आपल्या साठ्यातली माहिती काढली आणि तिला समजेल अशी सांगितली. कोवळी माशी पेटीतून पहिल्यांदा बाहेर येते तेव्हा ती फुलांकडे जात नाही. ती दाराकडे तोंड करून हवेत तरंगते, डावीकडे-उजवीकडे झुलते, मग हळूहळू मोठी वर्तुळं घेते. याला ओळख-उड्डाण म्हणतात. आपलं घर कुठल्या झाडाजवळ आहे, शेजारी काय आहे, दाराचा रंग कोणता, हे ती पाठ करत असते. पण आजूबाजूला सारखीच घरं असली, तर पाठ करायला काही उरतच नाही. मग चरून परतणारी दमलेली माशी वाटेत लागेल त्या टोकाच्या पेटीत शिरते. परागाची (फुलातल्या पिवळ्या भुकटीची) गोळी घेऊन आलेल्या पाहुणीला तिथल्या पहारेकरी माश्या सहसा अडवत नाहीत. मधपाळ याला माश्यांचं भरकटणं म्हणतात.

"लाल आकडा तरी दिसत असेल ना तिला?"

"नाही. लाल तिला काळपट वाटतो. निळा, पिवळा तिला छान दिसतो. शिवाय अतिनील, म्हणजे जांभळ्याच्याही पलीकडचा रंग, जो तुम्हाला दिसतच नाही."

सुमनकाकीला हे पटेना. एवढ्याशा जीवाला पत्ता कसला, असं तिचं म्हणणं. तेव्हा शलाका म्हणाली, की बघूयाच. सकाळी तिने मधल्या एका पेटीच्या दाराशी तांदळाची बारीक पिठी भुरभुरवली. बाहेर पडणाऱ्या माश्यांच्या पाठी पांढऱ्या झाल्या. मग सगळे टोकाच्या पेटीपाशी जाऊन बसले. माश्या परतू लागल्या. एक काळी पाठ, आणखी एक काळी, आणि मग एक पांढरी, ऐटीत, जणू स्वतःच्याच घरात चालली आहे अशी आत शिरली. पाठोपाठ दुसरी. मापारी मोजत राहिला, पण काकीला आता मोजणी नको होती.

"अगं बाई," ती हळूच म्हणाली, "निनादच की हा."

शलाकाला वाटलं, आई आता रागावेल. तिने मान खाली घालून सांगितलं की रांग माझीच होती. आई तिच्या शेजारी गवतात बसली.

"चार पेट्या मी पसरून ठेवल्या, ते काही शहाणपणाने नाही, जागा नव्हती म्हणून," आई म्हणाली. "त्या कशा नांदत होत्या हे मला कुठे ठाऊक होतं? ते तू शोधलंस. आता सांग, मधपाळीणबाई, पुढे काय करायचं?"

शलाकाचा पहिला विचार होता, सगळ्या पेट्या आजच उचलून विखरायच्या. मापारीने थांबवलं. पेटी एकदम दूर हलवली, तर ज्या थोड्या माश्यांनी घर नीट पाठ केलं आहे त्या जुन्या जागीच घिरट्या घालत बसतील. म्हणून रोज संध्याकाळी, माश्या आत परतल्यावर, प्रत्येक पेटी फक्त एक वीत सरकवायची आणि दार जरासंच वळवायचं. सुमनकाकी कुरकुरली की लग्नाच्या वरातीलासुद्धा एवढा वेळ लागत नाही, पण एकही संध्याकाळ तिने चुकवली नाही. हळूहळू ओळी मोडल्या. पेट्यांची चार-चारांची टोळकी झाली, प्रत्येक दार वेगळ्या दिशेला, कुठे मोठा दगड, कुठे करवंदीची जाळी.

दारांवरची चित्रं शलाकाने काढली. निळी कोयरी, पिवळा चांद, निळ्यावर पिवळे ठिपके, एका ठिकाणी मासा. लाल डबा तिने झाकण लावून फडताळात टाकला.

आणि ओस पडलेल्या पेट्यांचं काय? तिथे आईची विद्या कामी आली. भरलेल्या पेट्यांमधून तिने पिल्लांच्या चौकटी काढल्या, म्हणजे पोळं बांधलेल्या त्या लाकडी चौकटी, ज्यांच्या घरांत माशीची बाळं झाकणाआड वाढत असतात. वरच्या मोठ्या माश्या अलगद झाडल्या आणि चौकट मधल्या पेटीत ठेवली. मोठ्या माश्या आपल्या जुन्या घरी परतल्या. बाळं मात्र तिथेच जन्मणार होती, आणि ज्या दारातून पहिल्यांदा बाहेर पडतील तेच दार पाठ करणार होती.

शेलारबाई आल्या तेव्हा माळावर हवा गोड झाली होती आणि जांभळाला कळ्या धरल्या होत्या. त्यांनी कमरेवर हात ठेवून माळ न्याहाळला. "नंदाताई," त्या म्हणाल्या, "फोटोत तर सुरेख ओळी होत्या. ही काय जत्रा मांडलीय?"

सुमनकाकी काहीतरी बोलणार होती. आईने तिचा हात दाबला आणि शलाकाकडे बघून मान हलवली.

शलाकाने सगळं सांगितलं. सुतळीपासून तांदळाच्या पिठीपर्यंत, निनादसकट. शेलारबाईंनी ऐकून घेतलं आणि बरोबर मधोमध असलेली, माशाच्या चित्राची पेटी उघडली. चौकट वर आली ती दोन्ही बाजूंनी माश्यांनी झाकलेली. मग दुसरी पेटी. मग तिसरी. प्रत्येक पेटी बघून होईपर्यंत आई त्यांच्या मागोमाग चालत राहिली.

"पेट्या तुमच्या," शेलारबाई म्हणाल्या. "आणि आमच्या माहितीपत्रकातला रांगेचा फोटो मी बदलून घेते. पुढच्या गावांतल्या नव्या मधपाळांना इथे पाठवीन. शिकवायला कोण, तुम्ही की ही?"

"ही," आई म्हणाली. एकच शब्द, पण शलाकाने तो पुढे कितीतरी दिवस मनातल्या मनात ऐकला.

धंदा वाढला तसा संस्थेने दुसरा मापारी पाठवला, हुबेहूब पहिल्यासारखा. दोघे शेजारी उभे राहिले तेव्हा पहिला मापारी जरा थांबून म्हणाला, "शलाकाताई, थोडा निळा रंग उरला असेल का?" तिने त्याच्या पाठीवर कोयरी काढली.

आईच्या डोक्यात आता शंभर पेट्या होत्या, खालच्या खोऱ्यातल्या फळबागांना फुलोऱ्याच्या दिवसांत वसाहती पुरवायच्या होत्या. शलाका मनात शंभर चित्रं जुळवत होती.

एका सकाळी ती माळावर गेली. चांदवाल्या पेटीतून एक कोवळी, फिकट केसांची माशी बाहेर आली. उडाली, वळली, आणि दाराकडे तोंड करून हवेत झुलू लागली. शलाका पटकन दोन पावलं बाजूला झाली. उद्या आपण या जागी उभ्या नसू. माशीने आपल्याला घराची खूण समजून पाठ करायला नको. माशी पिवळ्या चांदासमोर डावीकडे गेली, उजवीकडे गेली, मग एक वर्तुळ, आणखी एक मोठं वर्तुळ, आणि मग ती फुललेल्या जांभळामागे दिसेनाशी झाली.

शलाका ती परत येईपर्यंत तिथेच थांबली.