भोकाचा पैसा

२०१७ सालच्या डिसेंबरात उत्तराबाईंच्या घरी एकाच आठवड्यात दोन गोष्टी झाल्या. सुनेला, स्वरूपाला, दिवस भरायच्या पाच आठवडे आधीच मुलगी झाली, आणि उल्हासरावांच्या निळ्या गाडीचा अल्टरनेटर गेला.

घर मयूर विहारमध्ये, तिसऱ्या मजल्यावर. उल्हासराव केंद्र सरकारच्या बांधकाम खात्यातून इंजिनिअर म्हणून निवृत्त झालेले. उत्तराबाईंनी पहाडगंजच्या मराठी शाळेत तीस वर्षं गणित शिकवलेलं. उगाच घाबरायचा दोघांचाही स्वभाव नव्हता. गाडी २००३ची. पंधरा वर्षांची झाली की पेट्रोलची गाडी दिल्लीत रस्त्यावर आणता येत नाही, म्हणजे तिचं आता वर्षच उरलेलं.

"बाबा, नवा अल्टरनेटर बसवा ना," साकेत म्हणाला. "बॅटरी भरली नाही तर गाडी कुठेही बंद पडेल."

"वर्षभराच्या पाहुणीला नवी खाट कशाला?" असं म्हणून उल्हासराव मायापुरीच्या भंगार बाजारात गेले आणि कुठल्याशा दुसऱ्याच गाडीचा अल्टरनेटर पिशवीत घालून घेऊन आले.

सोसायटीच्या मागच्या फाटकाबाहेर, पिंपळाखाली, राघव मिस्त्रीचं दुकान होतं. त्याने तो हातात फिरवून पाहिला.

"बाऊजी, ये इसका नहीं है. कान पतला है."

कान म्हणजे ज्यातून बोल्ट जातो तो भाग. तो पातळ म्हणून इंजिनापाशी फट राहत होती. फट राहिली की अल्टरनेटर हलणार, पट्टा तिरका फिरणार आणि किंचाळणार. राघवने वॉशर घातला, तरी थोडी ढिलाई उरली. दुसरा वॉशर काही केल्या शिरेना. उल्हासरावांनी खिशातलं कॅलिपर काढून फट मोजली. सव्वा मिलिमीटर. तेव्हा त्यांना देव्हाऱ्याखालची पितळी डबी आठवली.

डबीत भोकाचा पैसा होता. १९४३ सालचा, तांब्याचा, मधे मोठं गोल भोक. उल्हासरावांच्या आधीची दोन भावंडं पाळण्यातच गेली होती. ते झाले तेव्हा त्यांच्या आईने हा पैसा काळ्या करगोट्यात ओवून त्यांच्या कमरेला बांधला, आणि ते जगले. पुढे साकेतच्या कमरेला तोच. उत्तराबाईंचा विश्वास होता म्हणा, नव्हता म्हणा. पण डबी त्या दर दिवाळीला घासून ठेवत.

त्या दिवशी त्या इस्पितळात स्वरूपापाशी होत्या. विचारायला घरात कोणी नव्हतं. पैसा बोल्टवर असा बसला, जणू त्याच्यासाठीच पाडला असावा.

"कमाल है," राघव म्हणाला. पट्टा चूं की चां करीत नव्हता.

बारशाच्या आदल्या दिवशी उत्तराबाईंनी डबी उघडली.

"अहो, पैसा कुठाय?"

"गाडीत आहे." उल्हासरावांनी पेपर खाली केला नाही. "वॉशर म्हणून बसवलाय. फर्स्ट क्लास फिट झाला."

"पोरीचा पैसा तुम्ही गाडीला बांधलात?"

"अगं, परवा दिवशी तिला वजनाला न्यायचंय. रोज टॅक्सीची वाट बघत बसणार आहेस या थंडीत? थंडी सरली की काढून देतो. धातूचा तुकडा आहे तो, उत्तरा. तू गणिताची बाई ना?"

उत्तराबाईंनी रिकामी डबी मिटून जागेवर ठेवली. बारशाला पोरीचं नाव सृष्टी ठेवलं आणि तिच्या कमरेला रिकामा काळा दोरा बांधला.

सृष्टी दूध ओढीना. पाय गार, ओठ फिकट, रडणं मांजराच्या पिलाएवढं. डॉक्टर म्हणाले, कमी दिवसांची आहे, सगळ्या तपासण्या नीट आहेत, धीर धरा. तिसऱ्या आठवड्यात तिचं वजन जन्मापेक्षाही खाली गेलं.

गाडी मात्र बदलली होती. दिल्लीच्या थंडीत जी सुरू होताना चार-चार हिसके घ्यायची, ती किल्ली फिरवताच सुरू होऊ लागली. एका सकाळी नोएडाच्या रस्त्यावर दाट धुक्यात सात गाड्या एकमेकींवर आदळल्या. पुढची चेपली, मागची चेपली. मधल्या निळ्या गाडीला ओरखडासुद्धा नव्हता. उल्हासराव घरी येऊन हसत होते. "पैसा वसूल!" उत्तराबाईंना हसू आलं नाही.

आणि सृष्टी गाडीत चांगली असायची. इस्पितळाच्या वाटेवर तिचे गाल लाल होत, मुठी उघडत.

"सगळीच बाळं गाडीत झोपतात, आई," स्वरूपा म्हणाली.

"झोपतात," उत्तराबाई म्हणाल्या. "भूक लागून उठत नाहीत."

जानेवारीतल्या एका दुपारी त्या नातीला मांडीवर घेऊन खिडकीशी बसल्या होत्या. बाळाने सकाळपासून चमचाभरही दूध घेतलं नव्हतं. अचानक तिच्या पायात ऊब आली. ती तोंड शोधू लागली, आणि स्वरूपाने घेताच चटाचटा पिऊ लागली. उत्तराबाईंनी खाली पाहिलं. बॅटरी भरावी म्हणून उल्हासराव गाडी सुरू करून उभे होते.

वीस मिनिटांनी त्यांनी इंजिन बंद केलं. बाळाने तोंड सोडलं.

बाळ कधी प्यालं याच्या वेळा उत्तराबाई वहीत लिहून ठेवत. गाडी किती वेळ चालवली हे उल्हासराव त्यांच्या डायरीत लिहीत. त्या संध्याकाळी उत्तराबाईंनी दोन्ही शेजारी ठेवली आणि पेन्सिलीने खुणा करत गेल्या. तीन आठवडे. एकही वेळ चुकत नव्हती.

उल्हासरावांनी पानं पाहिली. चष्मा पुसला. पुन्हा पाहिली.

"योगायोग," ते म्हणाले. मग डायरी मिटत म्हणाले, "उद्या राघवला सांगतो."

सकाळी धुकं होतं. गाडी आदल्या दिवसापासून बंद. पत्र्यावर दव गोठलेलं. राघवने बोनेट उघडलं, पट्टा उतरवला, बोल्ट सैल केला. उत्तराबाई शाल घट्ट धरून उभ्या होत्या.

बोल्ट निघाला. वॉशर निघाला. राघवने पैशाला बोट लावलं आणि हात मागे घेतला.

"क्या हुआ?" उल्हासरावांनी विचारलं.

"गरम है, बाऊजी."

"इंजिन तो कल से बंद है."

"इंजिन ठंडा है." त्याने तळवा इंजिनावर ठेवून दाखवला. "बस यही गरम है."

उत्तराबाईंनी हात पुढे करून पैसा स्वतःच ओढून घेतला. चटका बसण्याइतका तो गरम नव्हता. लहान मुलाच्या अंगाइतका होता, झबल्याखाली असतो तितका. आणि तळव्यात तो अगदी बारीक थरथरत होता.

वरून स्वरूपाची किंकाळी आली.

"आई! आई, ही श्वास घेत नाहीये!"

तीन मजले त्या कशा चढल्या ते त्यांना पुढे कधीच आठवलं नाही.

सृष्टी गादीवर होती. ओठ निळे.

साकेत फोनवर अँब्युलन्सचा पत्ता सांगत होता. त्याचं वाक्य पुरं होत नव्हतं.

उत्तराबाईंनी काळा दोरा सोडला, पैसा ओवला, गाठ मारली. बोटं थरथरत नव्हती. दोरा थरथरत होता.

काही झालं नाही.

मग छातीला एक हिसका बसला. थांबला.

पुन्हा एक हिसका. पुन्हा थांबला.

तिसऱ्याला श्वास लागला. आधी खरखरत, मग एका लयीत.

खाली, फाटकाबाहेर, राघवने नुसता वॉशर घालून गाडी जोडली. उल्हासरावांनी किल्ली फिरवली. बॅटरी भरलेली होती, दिवे लागत होते, पण इंजिन टक्कसुद्धा वाजलं नाही. राघवने आठ दिवस खटपट केली. मग म्हणाला, "बाऊजी, इसमें कुछ खराब नहीं है. बस, चलती नहीं."

ती गाडी फेब्रुवारीत भंगारवाला ओढून घेऊन गेला. राघवने पुढच्याच वर्षी दुकान बंद केलं. तो आता गावी शेती करतो आणि गाड्यांना हात लावत नाही, असं कोणीतरी सांगितलं. उल्हासराव करोनाच्या दुसऱ्या लाटेत गेले. त्यांच्या डायरीत, पैसा काढला त्या सकाळच्या तारखेला फक्त वेळ लिहिलेली सापडली, आठ वाजून दहा मिनिटं, पुढे काही नाही. साकेत आणि स्वरूपा आता गुडगावला राहतात. उत्तराबाई त्यांच्यापाशीच असतात.

सृष्टी आता आठ वर्षांची आहे. तिला कधी ताप आला नाही. दोनदा जिन्यावरून पडली, खरचटलंही नाही. कमरेचा दोरा आखूड होतो तेव्हा उत्तराबाई आधी नवा बांधतात, पैसा जुन्यावरून नव्यावर त्वचेला टेकलेलाच सरकवतात, आणि मगच जुना कापतात. मैत्रिणी हसतात म्हणून सृष्टी कुरकुरते. "आजी, आता काढू ना यार!" आजी नाही म्हणते.

उत्तराबाई निजतात नातीच्याच खोलीत. थंडीचा कडाका पडला की पहाटे त्यांना आपोआप जाग येते. उठायच्या वेळी सृष्टीचा श्वास थांबतो. मग छातीला एक हिसका. काही नाही. दुसरा. काही नाही. उत्तराबाई तिला हलवत नाहीत, हाकही मारत नाहीत. उल्हासराव किल्लीवर हात ठेवून थांबायचे तशा त्या थांबतात.

पहिल्या वर्षी श्वास दुसऱ्या हिसक्याला लागायचा. या हिवाळ्यात चौथ्याला लागतो.