काचघराच्या दारातलं दूध

हिल्डा ऑस्गूडच्या धाकट्या नातीचा बाप्तिस्मा झाला, त्या वर्षीची ही गोष्ट. उरलेला केक हिल्डाने कचेरीत नेला. केकखालच्या वर्तमानपत्रात तिला एक फोटो दिसला. ग्रिम्सबीचा विल्फ्रेड टास्कर छाती काढून उभा, हातात टोमॅटोचं ताट. पहिलं बक्षीस.

हिल्डा पेन्शन कंपनीची तपासनीस. टास्करचं नाव तिने फायलीत वाचलं होतं. रोज चाळीस सिगारेटी, तीस वर्षं. कंपनीचा नियम सरळ होता: माणूस लवकर जाणार असेल, तर जगेल तोवर त्याला महिन्याला जास्त पेन्शन. टास्करला ती मिळत होती. लघवीच्या तपासणीत तंबाखूही सापडला होता. कागद चोख.

तरी हिल्डा गाडीत बसली आणि त्याच्या घरी गेली.

"या, बाईसाहेब," म्हणत टास्कर खोकला. नाटकातला खोकला. आतून दुसरा खोकला आला, तो खरा होता.

स्वयंपाकघरात त्याची बायको एनिड सिगारेट ओढत होती. बोटं पिवळी पडलेली.

"डॉक्टर म्हणतात, आता सोडली नाहीस तर नाताळ बघणार नाहीस," ती हिल्डाला म्हणाली.

"डॉक्टरांना काय कळतंय! ओढ गं तू," टास्कर म्हणाला. "आम्ही दोघं जोडीनं ओढतो."

"बरं. टोमॅटो तरी दाखवा."

टास्करचा चेहरा उजळला. काचघराच्या दारात वाडगाभर दूध होतं.

"आधी हात बुडवा. मीसुद्धा बुडवतो."

"आणि मिसेस टास्कर?"

"तिला? आत पाऊल टाकू देत नाही. झाडं मरतील माझी!"

हिल्डाने एक पान उलटून पाहिलं. हिरवंगार, डाग नाही. ती परत आत आली आणि एनिडच्या हातातली सिगारेट काढून तिने विझवली.

"माझे वडीलही टोमॅटो लावायचे. तंबाखूचा रोग ओढणाऱ्याच्या बोटांवरून झाडाला लागतो, पानांवर चट्टे पडतात. म्हणून हात दुधात बुडवायचे, आणि तेवढ्यानं भागत नाही म्हणून बायकोला बंदी. मग चाळीस ओढणारा तुमचा हात झाडांना कसा चालतो, मिस्टर टास्कर? तुम्ही जन्मात सिगारेट ओढलेली नाही. बाटलीवर नाव तुमचं होतं, आत लघवी हिची होती."

"पुरावा काय?"

"आत्ता भरा बाटली. मी दाराशी उभी राहते."



"मी दोन वर्षांपूर्वीच सोडणार होते," एनिड हळूच म्हणाली. "हाच रोज दोन पाकिटं आणतो. म्हणतो, कंपनी परत कधीही बाटली मागेल."

हिल्डाने टास्करकडे पाहिलं, कोबीतल्या गोगलगायीकडे पाहावं तसं.

"कंपनी एकदाच तपासते, टास्कर. सुरुवातीला. कागदावर लिहिलंय. ही दुसऱ्याच दिवशी सोडू शकली असती. मला इथं आणलं ते तुझ्या टोमॅटोंनी. कागद वाचला नाहीस?"

"त्या आठवड्यात टोमॅटोंचं प्रदर्शन होतं," टास्कर म्हणाला.

एनिड टास्कर त्याच वर्षी नऊ नोव्हेंबरला सकाळी वारली. विल्फ्रेड टास्करची तब्येत ठणठणीत होती.