चौथा कनेक्टिंग रॉड

दार लोटून घ्या आणि ते मोबाइल खाली ठेवा. ही ऐकीव थाप नाही. माझ्या साडूच्या गॅरेजमध्ये घडलंय. मागच्या वर्षी, फेब्रुवारीची अठरा तारीख, मंगळवार.

साडूने धाकट्या भावाच्या पिकअपचं इंजिन खोललं होतं. पिस्टन नवे आणले, चारही एका वजनाचे. पिस्टनला खालच्या फिरत्या क्रँकशी जोडतो तो दांडा म्हणजे कनेक्टिंग रॉड. ते जुने तीन धड निघाले, चौथा वाकलेला. नवा यायला आठ दिवस. आणि भावाला गुरुवारी पहाटे सासुरवाडीला निघायचं होतं, बायकोला आणि दीड महिन्याच्या लेकीला आणायला. लेकीला त्याने फक्त फोनवर पाहिलेलं. रोज येऊन डोकं खायचा, "दादा, झालं का?"

म्हणून साडू संध्याकाळी भंगारवाल्याकडे गेला. ढिगातून एक रॉड उचलला.

"तो नको, मिस्त्री," भंगारवाला म्हणाला. "तो ज्या गाडीतला, तिचा ड्रायव्हर अपघातात केबिनमध्ये अडकून मेला. सकाळपर्यंत आतून दार ठोकत होता म्हणतात."

"मग त्यात लोखंडाचा काय गुन्हा?" साडूने रॉड पिशवीत टाकला.

काट्यावर ठेवला तर बाकीच्या तिघांच्या बरोबरीचा. ग्रॅमचा फरक नाही. गडी खूश.

रात्री पावणेबारा. शटर अर्धं खाली. साडूने चारही रॉड तारेला टांगले. हातोडीने हळूच ठोकायचं. धड रॉड खणखणीत वाजतो, तडा असला तर बद्द.

पहिला... टण्ण.

दुसरा, तिसरा. टण्ण.

चौथा...

आवाजच नाही. बद्दसुद्धा नाही. ठोका हाताला कळला, कानाला नाही.

पुन्हा मारला. काही नाही.

त्याने हातोडी बाकावर ठेवली. पाठ फिरवली.

आणि चौथा वाजला.

ठक.

ठक... ठक.

पत्र्याच्या दारावर मूठ मारावी तसा. जवळ कोणी नाही. तार हलत नव्हती. मग थांबला... साडू म्हणतो, कुणीतरी उत्तराची वाट बघत होतं.

"काका, मग?"

मग काय! रॉड तसेच टांगलेले सोडून घरी पळाला, स्वतः सांगितलंय त्याने मला. पण भावाला काय सांगायचं? लेक आणायला जाऊ नको, रॉड ठोकतोय? सकाळी उजेडात पुन्हा ठोकून पाहिला, तर टण्ण! बसवला. त्याबद्दल तो अजून स्वतःला माफ करत नाही.

गुरुवारी भाऊ निघाला. सव्वासहाला चढावर इंजिन एकाएकी बंद पडलं. गाडी मागे घसरली... दरीत. भाऊ जागच्या जागी गेला. लेक त्याच्या हातात कधी आलीच नाही.

गाडीचा चुराडा, इंजिन मात्र शाबूत. साडूने ते एकट्याने खोललं, दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. चालत्या इंजिनात रॉड तुटला तर ब्लॉक, म्हणजे इंजिनाची लोखंडी भिंत, फोडून बाहेर येतो. ब्लॉक धड होता. खालचं तेलाचं चेंबर धड. चेंबरचे बोल्ट त्याने कसले होते तसेच.

चौथा पिस्टन वर, आपल्या जागेवर.

खाली रॉड नव्हता.

तुकडा नाही... चुरा नाही... नव्या पिस्टनवर साधा ओरखडाही नव्हता.